पणजोबा बसऱ्याला गेले होते म्हणे

वाचक विचारतात, ताई सांगतात

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की घरातल्या जुन्या माणसांच्या गोष्टी त्या काळातल्या घडामोडींशेजारी ठेवून बघा, सन आपोआप सापडतात. झालं, पत्रांचा ढीग पडला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका, कुणी पदकाचा फोटो पाठवतंय कुणी मोडीतला कागद आडवा धरून. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. पाच निवडलीत, पहिलं मोठं आहे कारण त्यात सगळ्यांनाच उपयोगी पडेल असं बरंच काही आहे.

*ताई नमस्कार, आमचं गाव खेड तालुक्यात, मी डोंबिवलीला असतो. माझ्या पणजोबांबद्दल घरात तीनच गोष्टी सांगतात. ते पलटणीत होते आणि बसऱ्याला गेले होते. तिकडे घोडा खायची वेळ आली तेव्हा त्यांनी खाल्ला नाही. आणि परत आले तेव्हा पणजी मानमोडीत गेलेली होती, माझे आजोबा चुलत्याकडे वाढत होते. सन कुणालाच सांगता येत नाही. देव्हाऱ्याखालच्या खणात एक चांदीचं पदक मिळालं, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडा माणूस, कडेवर इंग्रजीत बारीक नंबर, नाव आणि ११० मराठा असं काहीतरी. काका म्हणतात आर्मीला पत्र लिही. कुठून सुरुवात करू?*

अहो तीन गोष्टी आणि एक पदक, म्हणजे तुम्ही श्रीमंत आहात. बहुतेक घरांत ते पदक कुणाच्या तरी लग्नात नाहीतर अडचणीच्या साली मोडलेलं असतं, चांदी ना शेवटी.

सगळ्यात आधी एक विनंती, ते पदक रांगोळीने, टूथपावडरने कशानेच घासू नका. कडेवरची अक्षरं उथळ असतात आणि तुमचा सगळा शोध त्या कडेवर उभा आहे. खिडकीपाशी तिरक्या उजेडात मोबाईलने कडेचे सातआठ फोटो काढा आणि एकेक अक्षर उतरवून घ्या. वर्णनावरून हे ब्रिटिश वॉर मेडल दिसतंय, पहिल्या महायुद्धाचं. लढणाऱ्या शिपायांना ते चांदीचं मिळायचं, मजूर तुकड्यांमधल्या आणि तत्सम बिनलढाऊ लोकांपैकी बऱ्याच जणांना ब्राँझचं. तुमचं चांदीचं आहे, म्हणजे पणजोबा शिपाई होते हा घरचा समज टिकतो.

आता ११०. ही ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. ही पलटण सहाव्या पूना डिव्हिजनमधे होती आणि ती डिव्हिजन मेसापोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे लढली. आपल्याकडे गावात त्या अख्ख्या मोहिमेलाच बसरा म्हणतात कारण जहाजातून उतरायचं ते बसऱ्याला, पुढची गावं कुणाच्या लक्षात राहणार. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली हे लोक तैग्रिस नदीच्या काठाकाठाने वर बगदादच्या जवळपर्यंत पोचले, नोव्हेंबर १९१५ मधे टेसिफोनला मोठी लढाई झाली, तिथून माघार घ्यावी लागली आणि मागे येऊन ते कूत नावाच्या गावात थांबले. नदी त्या गावाला तीन बाजूंनी वळसा घालून जाते, चौथ्या बाजूला तुर्की फौज. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागती होईपर्यंत, जवळपास पाच महिने. १०३, ११० आणि ११७, अशा आपल्या तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या.

आणि म्हणून तुमची दुसरी गोष्ट वाचून मी खुर्चीत सरळ बसले. कूतमधे धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं मारून मांस वाटलं गेलं. गोऱ्या शिपायांनी खाल्लं, हिंदुस्थानी शिपायांपैकी बहुतेकांनी नाही म्हटलं, मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून चालेल अशी परवानगी तारेने मागवली तरी महिनोनमहिने नाहीच, शेवटी एप्रिलमधे पोट पाठीला लागल्यावर बऱ्याच जणांनी खाल्लं. बार्लीच्या पिठाची भाकरी, भाजीपाला नाही, त्यातून हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही आमच्याच लोकांना जास्त झाला. शेवटच्या दिवसांत विमानातून पिठाची पोती टाकली, इतकंच काय दळायला जात्याची पाळंसुद्धा विमानातून टाकली होती! खेडच्या कुठल्या तरी वाडीतल्या आजीला घोडा न खाण्याची गोष्ट सुचून सुचणार कशी, ती कुणीतरी तिथून घेऊनच आलेली असणार.

पण थांबा, लगेच "माझे पणजोबा कूतच्या वेढ्यात" असं स्टेटस टाकू नका. पलटण वेढ्यात होती म्हणजे पलटणीतला प्रत्येक माणूस वेढ्यात होता असं नाही. काही जखमी होऊन आधीच परत आलेले असतात, आणि शरणागतीनंतर पलटण नव्याने उभी केली गेली, तिच्यात भरती झालेल्या पोराच्या पदकावरही ११० च असणार. घोड्याची गोष्ट त्याने बरोबरच्या जुन्या माणसाकडून ऐकून घरी आपली म्हणून सांगितली असंही होऊ शकतं, माणसं सांगतात तशी. ओळखायचं कसं? खणात अजून एकदा हात घाला. १९१४-१५ स्टार नावाचं एक चांदणीसारखं ब्राँझचं पदक असायचं, ज्यांनी १९१५ संपायच्या आत रणभूमीवर पाय ठेवला त्यांनाच ते मिळालं. वेढा पडला डिसेंबर १९१५ मधे, म्हणजे वेढ्यात असलेल्याला ते मिळायला हवं. मिळालं तर त्याच्या पाठीवर नाव नंबर असेल आणि तुमची बाजू भक्कम झाली. नाही मिळालं तर उलटं काहीच सिद्ध होत नाही, हरवलं असेल किंवा पोरांनी खेळून टाकलं असेल.

वेढ्यात होते असं धरून पुढे चला. शरण आलेले सुमारे तेरा हजार लोक, त्यात बहुसंख्य हिंदुस्थानी. अधिकाऱ्यांची सोय वेगळी, शिपायांना मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर बगदाद, मोसुल असं चालवत नेलं, आणि पुष्कळ हिंदुस्थानी कैद्यांना रास अल ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला लावलं. वाटेतच कितीतरी गेले. तुर्कस्तानशी युद्धबंदी झाली ३० ऑक्टोबर १९१८ ला, जे जगले ते त्यानंतर सुटले.

आता ही तारीख तुमच्या तिसऱ्या गोष्टीशेजारी ठेवा. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. मुंबईत जूनमधे आला, तेव्हा सौम्य होता, सप्टेंबरमधे परत आला तो भयंकर, ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. गिरणीतला गडी घाबरून गावाकडे पळाला आणि साथ बरोबर घेऊन गेला, त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. देशभरात एक कोटीच्या वर माणूस गेलं, १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, असं जनगणनेच्या इतिहासात दुसऱ्यांदा झालेलं नाही. म्हणजे बघा, कोकणात ऑक्टोबर-नोव्हेंबरात पणजी गेली असेल तर जवळपास त्याच दिवसांत तिकडे पणजोबा सुटत होते. त्याला कळायला मार्ग नाही आणि तिला तर तो जिवंत आहे का हेच माहीत नसणार. तुमच्या घरातल्या तीन सुट्या गोष्टी प्रत्यक्षात एकच गोष्ट असायची बरीच शक्यता आहे.

हे कागदावर कसं आणायचं ते सांगते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुनी जन्ममृत्यूची रजिस्टरं असतात, गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. कुणबी दाखल्यांच्या निमित्ताने आता निम्म्या महाराष्ट्राला हे शब्द पाठ झालेत, त्यामुळे कारकुनाला समजावत बसावं लागणार नाही. १९१८ चे सप्टेंबर ते डिसेंबर मागा. बहुतेक मोडीत असेल, मोडी वाचणारा बरोबर न्या नाहीतर रीतसर नक्कल घेऊन नंतर वाचून घ्या. आणि मरणाच्या कारणात मानमोडी शोधू नका हं, ते लोकांच्या तोंडचं नाव. सरकारी रकान्यात पटकी, देवी, प्लेग, आव आणि ताप असले ठरलेले शब्द, इन्फ्लुएंझाचे कितीतरी मृत्यू "ताप" मधे जाऊन बसलेत. एकाच वाडीत पंधरा दिवसांत आठदहा जण तापाने गेलेले दिसले की समजायचं.

दुसरी जागा शाळा. आजोबांचं नाव गावच्या मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरला असेल तर पालक म्हणून कुणाचं नाव लावलंय बघा. चुलत्याचं असेल तर बाप तेव्हा घरी नव्हता याचा तो लेखी पुरावा, आणि दाखल झाल्याची तारीखही मिळते.

तिसरी जागा जमिनीची. पणजोबांचं नाव जुन्या सातबाऱ्यावर दिसलं नाही तर लगेच निराश होऊ नका, खेडला खोती होती, जमीन खोताच्या नावे आणि कसणारा कूळ, खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. त्यामुळे फेरफार आणि कुळाच्या नोंदी दोन्ही चाळा, आपले अभिलेख पोर्टलवर काही जिल्ह्यांचं घरबसल्या बघता येतं.

काकांचं पत्र शेवटी लिहा. १९२२ मधे पलटणींचे नंबर बदलले, ११० ची झाली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, आणि तीच पुढे १९५२ मधे पॅराशूट रेजिमेंटमधे गेली, आजची दुसरी पॅरा. मराठा रेजिमेंटचं सेंटर बेळगावला. पत्रात नंबर, नाव आणि "११० वी" एवढं स्पष्ट लिहा, नुसतं "आमचे पणजोबा मराठा बटालियनमधे होते" लिहिलंत तर बिचारे काय करतील. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोध फुकट आहे पण तिथे फक्त युद्धात गेलेल्यांची नावं, बसऱ्याच्या स्मारकावरच चाळीस हजारांच्या वर आहेत. तुमचे पणजोबा परत आले, तेव्हा ते तिथे नसणार, पण गावातले किंवा भावकीतले बाकीचे कोण गेले ते तिथे मिळू शकतं, तेही बघा, एकटा माणूस पलटणीत जात नसे. आणि इंटरनेटवर पंजाबच्या सैनिकांची मोठी यादी फिरतेय, लाहोरच्या म्युझियममधल्या रजिस्टरांवरून केलेली, त्यात खेडची माणसं शोधत रात्री घालवू नका.

एक वही करा. डावीकडे घरात काय सांगतात, मधे तेव्हा बाहेर काय चाललं होतं, उजवीकडे कशावरून. उजवा रकाना रिकामा राहिला तरी राहू द्या, उगाच भरू नका. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. आमच्या घरात ठाम समज होता की आजोबा मे १९३० मधे सोलापूरला मार्शल लॉमधे पकडले गेले, शाळेत निबंधातसुद्धा मी ते लिहिलंय, बक्षीस मिळालं होतं! मग वाडा विकायला काढला तेव्हा माळ्यावर दुकानाच्या खतावण्या सापडल्या आणि त्या अख्ख्या मे महिन्याच्या पानांवर रोज आजोबांचं अक्षर, गूळ, खोबरं, राकेल, उधारी. बार्शीच्या दुकानातून माणूस हललाच नव्हता. वाईट वाटलं का तर हो, दोन दिवस. मग नीट बघितलं तर त्याच महिन्यात सोलापूरच्या एका व्यापाऱ्याच्या नावापुढे "माल आला नाही" असं सहा वेळा लिहिलेलं. मार्शल लॉ आमच्या घरात आला होता, पण तो असा.

*ताई, माझ्या आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९४२ आहे. आजी सांगायची की आई रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी झाली आणि बारशाच्या दिवशी गोदी उडाली, दोनदा धडाम झालं, खिडकीच्या काचा पाळण्यात पडल्या. तेव्हा आमचे लोक मशीद बंदरला राहायचे. आई आता नाही. तिची खरी तारीख काढता येईल का?*

काढता येईल आणि मला फार मजा आली काढताना.

आधी १ जूनचं सांगते. शाळा जूनमधे सुरू व्हायच्या, आईबापांना तारीख माहीत नसायची, मास्तर पोराकडे बघून अंदाजे वर्ष धरायचे आणि १ जून ठोकून द्यायचे. त्यामुळे महाराष्ट्रात एका पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेत आणि आता फेसबुकवर त्या दिवशी शुभेच्छांचा पूर येतो. वर्षही भरवशाचं नाही, लवकर शाळेत घालायचं म्हणून दोन वर्षं वाढवलेली असायची. तेव्हा दाखला सरकारी कामाला ठीक, इतिहासाला नाही.

गोदी उडाली ती तारीख पक्की आहे, १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टायकिन नावाचं जहाज, पोटात कापसाच्या गासड्या, शेकडो टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटासुद्धा. दुपारी आग लागली, चारच्या पुढे पहिला स्फोट आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा. तुमची आजी "दोनदा" म्हणते ना, त्यावर माझा विश्वास बसला, ऐकीव सांगणारा माणूस एकच धमाका सांगतो. आग विझवायला गेलेले सहासष्ट अग्निशमन कर्मचारी गेले, अजूनही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यासाठीच. सोन्याची एक वीट उडून लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्यांनी ती परत केली, ही गोष्ट मुंबईत अजून सांगतात.

आता पंचांग. १९४४ साली चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, ८ एप्रिलला आली. रामनवमी त्याआधी, रविवारी २ एप्रिलला. आजी म्हणते दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३ एप्रिल, सोमवार. बारसं बाराव्या दिवशी, ३ धरून मोजा बोटावर... १४ एप्रिल! आजीने तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही एकमेकींना लागतात. हे ठरवून जुळवायचं म्हटलं तरी जुळत नाही हो. मी तरी ३ एप्रिल १९४४ च्या बाजूने आहे.

तरी कागद हवाच असेल तर महापालिकेच्या जन्मनोंदीत वॉर्ड आणि वडिलांच्या नावाने एप्रिल १९४४ शोधायला सांगा, मुलीचं नाव तिथे बहुधा नसेल, नुसतं "मुलगी" असेल, बारशाआधी नोंद केली तर नाव कुठून येणार. आणि त्या वेळचे पेपर बघायला गेलात तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात सगळं सविस्तर मिळेल असं समजू नका, युद्ध चालू होतं, सेन्सॉर होता. मे महिन्याचे अंकही काढायला लावा.

*जय भीम ताई. आम्ही दापोलीचे. घरात खापरपणजोबांचा फोटो आहे, डगला घातलेला, छातीवर पदकं. गावच्या स्मरणिकेत त्यांना पहिल्या महायुद्धातले वीर असं छापलंय, घरातले सगळे तेच मानतात. पण मला कोतवाल बुकात त्यांचा मृत्यू १९०३ सालचा मिळाला. चूक कोणाची?*

जय भीम. चूक स्मरणिकेची. कोतवाल बुकातलं नाव, बापाचं नाव आणि वाडी तिन्ही जुळत असतील तर १९०३ धरून चला, आणि वाईट वाटून घेऊ नका कारण खरी गोष्ट छापलेल्या गोष्टीपेक्षा मोठी निघणार आहे.

दापोलीला अजून जुने लोक कॅम्प दापोली म्हणतात. इंग्रजांची छावणी होती आणि नंतर पेन्शनर सैनिकांची वस्ती, त्यात महार सुभेदार, हवालदार, शिपाई पुष्कळ. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीलाच राहत होते. ही सगळी माणसं महायुद्धाच्या फार आधीची. मुंबई आर्मी १८६८ ला ॲबिसिनियात गेली, १८७८ ते ८० अफगाण युद्ध, १८८५ ला ब्रह्मदेश. तुमच्या खापरपणजोबांची नोकरी यातच कुठेतरी असणार. फोटो स्कॅन करून मोठा करा, पदकावर राणीचं डोकं दिसतंय का राजाचं ते बघा, व्हिक्टोरिया असेल तर प्रश्न मिटला. पदक घरात असेल आणि मागच्या बाजूला हत्ती असेल तर ते अफगाण युद्धाचं.

आता पुढचं. १८९० नंतरच्या दोनतीन वर्षांत सरकारने महारांची भरती बंद केली, लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असं एक खूळ तेव्हा इंग्रजांच्या डोक्यात बसलं होतं. पिढ्यान्पिढ्या पलटणीत असलेल्या घरांना एका फटक्यात सांगितलं की तुम्ही शिपाई होण्याच्या लायकीचे नाही. त्याविरुद्ध १८९४ च्या सुमाराला अर्ज तयार केला तो निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी, आणि तो माणूस दापोलीतच काम करत होता. तुमचे खापरपणजोबा १९०३ पर्यंत दापोलीत होते. अर्ज, त्यावरच्या चर्चा, पेन्शनच्या दिवशी कचेरीबाहेरचं बोलणं, हे सगळं त्यांच्या डोळ्यासमोर. त्यांनी स्वतः सही केली का असं विचाराल तर माझ्याकडे उत्तर म्हणून देण्यासारखं काही नाही आणि तुम्हीही गृहीत धरू नका. पण त्यांची मुलं १८९५-१९०० मधे कामाला कुठे लागली ते शोधा. बाप सैनिक असून एकही मुलगा पलटणीत नसेल, आणि सगळे मुंबईला गोदीत, गिरणीत, रेल्वेत गेलेले असतील, तर तो बंद झालेला दरवाजा तुम्हाला तुमच्याच घराण्यात दिसेल. भरती परत उघडली १९१७ मधे, १११ महार पलटण काढली आणि १९२१ मधे मोडूनही टाकली, कायमची महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मधे. स्मरणिकेत पहिलं महायुद्ध कुठून आलं त्याचंही उत्तर यात असू शकतं, १११ मधे नातू किंवा पुतण्या गेला असेल आणि दोघांची गोष्ट एकत्र झाली असेल. आधी घरातल्या त्या पिढीतली नावं काढा.

स्मरणिकेच्या मंडळींना दुरुस्ती कळवा मात्र, नाहीतर पुढच्या अंकात तेच परत छापतील.

*आमचे खापरपणजोबा प्लेगच्या साली मुंबई सोडून जुन्नरला परत आले एवढंच माहिती आहे. प्लेगचं साल म्हणजे कोणतं?*

इथे मात्र पंचाईत आहे. मानमोडी एकाच हंगामात येऊन गेली म्हणून ती तारखेसारखी वापरता येते, प्लेग तसा नाही. मुंबईत मांडवीला पहिला रुग्ण ओळखला सप्टेंबर १८९६ मधे, डॉ. व्हिएगस नावाच्या गोव्याच्या डॉक्टरांनी, आणि त्यानंतर वीसपंचवीस वर्षं दर हिवाळ्यात तो कुठे ना कुठे असायचाच. पहिल्या वर्षी मुंबई अर्धी रिकामी झाली होती, त्यामुळे लोक साधारण १८९६-९७ धरतात, पण पुण्याजवळच्या माणसाचं "प्लेगचं साल" १८९७ असू शकतं किंवा अगदी १९०३ सुद्धा. सोबतची खूण शोधा. रँडच्या खुनाचा उल्लेख घरात कुणी करतं का, तो २२ जून १८९७ चा. गाव सोडून माळावर झोपड्यात राहिलो, उंदीर पडले, गोरे सोल्जर घरात शिरले, यातलं काय सांगतात? सोल्जर पुण्याच्या बाजूला १८९७ मधे. नुसतं झोपड्यात राहिलो असेल तर कुठलंही वर्ष. दुष्काळाचंही असंच, १८७६ ते ७८, १८९६-९७, १८९९-१९००, प्रत्येक पिढीचा आपापला "मोठा दुष्काळ" असतो, त्यामुळे सांगणाऱ्याचं वय आधी विचारा. लग्नपत्रिका किंवा कुंडली मिळाली आणि तिच्यावर शके असेल तर ७८ मिळवा, पौषानंतरचं असेल तर ७९ सुद्धा होऊ शकतात. संवत्सराचं नाव असलं तर फारच छान, शके १८१९ हेमलंबी, शके १८४० कालयुक्त, नाव आणि आकडा जुळला नाही तर कुणीतरी नकल करताना चुकलंय.

*तुमचं सगळं वाचलं. पण ज्यांच्याकडे कुलवृत्तांत आहेत त्यांचं ठीक आहे. आमच्याकडे ना कागद ना जमीन, तीन पिढ्या ऊसतोडीला. आमच्यासारख्यांनी काय शोधायचं?*

तुमचा राग बरोबर आहे. कुलवृत्तांत छापले ते मुख्यतः ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी. पण कुलवृत्तांतात बहुतेक वेळा काय असतं सांगू का, अमुक याचा मुलगा तमुक, जन्म, मृत्यू, संतती दोन. तो माणूस १९७२ मधे काय खात होता ते त्यात नसतं.

तुम्ही पत्राखाली बीड जिल्हा लिहिलंय. तुमच्याकडे सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर आजच फोनचं रेकॉर्डिंग चालू करून बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल विचारा. मात्र "दुष्काळात काय झालं" असं विचारू नका, त्याचं उत्तर "लई हाल झाले" एवढंच येतं. खडी फोडायला कुठल्या कामावर गेला होतात, मुकादम कोण, हजेरी किती मिळायची, सुकडी कुणी वाटायचं, मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी कशी लागायची, जनावरं विकली का सोडून दिली, असं विचारा. त्या कामांवर हजेरीपटात नावं लागायची. तुमच्या गावाजवळचा पाझर तलाव नाहीतर रस्ता त्या वर्षीचा असेल, तर तो कुणाच्या हातचा ते विचारून घ्या आणि तिथे उभं करून म्हातारीचा फोटो काढा. पहिल्यांदा कारखान्यावर गेलात ते दुष्काळाच्या आधी का नंतर, कुठल्या कारखान्यावर, बैलगाडी स्वतःची का मुकादमाची, उचल किती घेतली. कारखान्याचा पहिला गळीत हंगाम कोणत्या साली झाला हे विचारून घ्या, त्याच्या आधीचं साल नाही एवढं तरी पक्कं होतं.

आणि गावात किंवा सोयऱ्यांत भाट, वंशावळ सांगणारे येत असतील तर पुढच्या वेळी त्यांना नुसती शिधा-दक्षिणा देऊन वाटेला लावू नका, बसवून घ्या. त्र्यंबकेश्वरला, पैठणला घरातलं कुणी अस्थी घेऊन गेलं होतं का विचारा, तीर्थोपाध्यांच्या वह्यांत गाव आणि आडनावाप्रमाणे नोंदी असतात, आलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली नावं. जाताना तुमचं आत्ताचं गाव आणि मूळ गाव दोन्ही सांगा, नोंद बहुतेक मूळ गावाखाली निघते.

रेकॉर्डिंग झालं की मला पाठवा, मिलोच्या भाकरीचं काय सांगतात ते ऐकायचंय.